झेंडूच्या मापाचा पट्टा

५ ऑक्टोबर २०२३, गुरुवार. रुपये दोन हजार एकशे चाळीस. एवढ्या रकमेत दिग्विजयसिंहांच्या आजोबांच्या शिकारी रायफलीला खांद्यावर अडकवायचा नवा चामडी पट्टा करून द्यायचा, असं ठरलं.

"वरचे चाळीस कसले?" दिग्विजयसिंहांनी विचारलं.

"पितळी रिबिटांचे," सूर्याजी म्हणाले. "नको असतील तर लोखंडी लावतो. मग बंदूक पायावर पडली तर माझ्याकडे येऊ नका."

बंदूक गेल्याच वर्षी पायावर पडली होती. दसऱ्याच्या संध्याकाळी शमीपूजनाला जाताना जुना पट्टा मधोमध तुटला, आणि आजोबांची रायफल दिग्विजयसिंहांच्या डाव्या अंगठ्यावर दस्त्याकडून उतरली. पन्नास वर्षांत त्या बंदुकीने केलेली ती एकमेव शिकार. शिकारीवर बंदी आल्यापासून ती वर्षातून दोनदाच घराबाहेर पडे. एकदा परवान्यासाठी आणि एकदा दसऱ्यासाठी. तुटलेल्या पट्ट्याचा अर्धा भाग पुढे उंदरांनी खाल्ला आणि उरलेला घरच्या कुत्र्याने. त्यामुळे नमुना म्हणून दाखवायलाही काही उरलं नव्हतं.

दिग्विजयसिंह सिंचन खात्यातून निवृत्त झालेले, देहाने भरलेले आणि स्वभावाने मोकळे गृहस्थ. चाळीस रुपये त्यांनी मान्य केले.

शिंदे की छावनीत मुख्य रस्त्यापासून तिसऱ्या गल्लीत सूर्याजी जगताप यांचं घर. पुढची खोली म्हणजे दुकान. पणजोबा घोडदळात होते. आजोबा आणि वडील जीनखान्यात, म्हणजे घोड्यांचं चामडी सामान जिथे होई तिथे. सूर्याजींच्या वाट्याला घोडे आलेच नाहीत. त्यांच्याकडे आल्या शाळेच्या बॅगा, कुत्र्यांचे गळपट्टे, बँकेच्या पहारेकऱ्यांच्या काडतुसांच्या पेट्या आणि ग्वाल्हेरात कधीच न संपणाऱ्या परवान्याच्या बंदुकांचे पट्टे. वय एकाहत्तर. नजर जवळची बरी, लांबची त्याहून बरी, मधली मात्र गेलेली.

काम करण्याची त्यांची एक पद्धत होती. ते माप लिहून ठेवत नसत. मेण लावलेला पांढरा दोरा घ्यायचा, बंदुकीला आणि माणसाला लावायचा, आणि जिथे काही सुरू होतं किंवा संपतं तिथे गाठ मारायची. तो दोरा भिंतीवरच्या खिळ्याला टांगला की माप झालं. दुसरी गोष्ट म्हणजे ते पट्ट्याला बक्कल लावत नसत.

"बक्कल म्हणजे कारागिराने स्वतःच्या चुकीसाठी आधीच करून ठेवलेली पळवाट," असं ते म्हणत. पट्टा त्या बंदुकीचा आणि त्या खांद्याचा. त्याला लांब-आखूड व्हायची गरजच काय?

त्या गुरुवारी त्यांनी दिग्विजयसिंहांना भिंतीशी उभं केलं, उजव्या खांद्यामागे रायफल धरायला लावली आणि दोरा फिरवला. रायफल जुन्या घडणीची. अक्रोडाचा दस्ता, आणि पुढची कडी लाकडावर नव्हे तर थेट नळीवर. त्यामुळे बंदूक पाठीवर खाली बसते आणि झाडाच्या फांदीत नळी अडकत नाही. सध्या ती सिलिंग फॅनमध्ये अडकत नाही एवढाच त्याचा उपयोग होता. कड्या जागेवर होत्या, म्हणजे आजोबांच्या लाकडाला नवं भोक पाडायचं नव्हतं. सूर्याजींना बरं वाटलं.

"पोट आत घेऊ नका, दादासाहेब."

"घेतलेलं नाही."

"मग श्वास सोडा."

दिग्विजयसिंहांनी नाइलाजाने श्वास सोडला. सूर्याजींनी तीन गाठी मारल्या. पहिली, खांद्यावरचा रुंद भाग सुरू होतो तिथे. दुसरी, तो संपतो तिथे. तिसरी, पट्ट्याच्या शेवटाला.

"खंडेनवमीला पूजेत पाहिजे बरं का," जाताना दिग्विजयसिंह म्हणाले.

आतल्या दारातून सूनबाई गरिमा हे सगळं पाहत होती. पाहण्यामागे तिचं कारण होतं. तिचं ब्यूटी पार्लर दाना ओली भागात भाड्याच्या खोलीत चालत होतं, आणि घरमालकाने डिसेंबरअखेर खोली रिकामी करायला सांगितली होती. मुलगा भोपाळला नोकरीला, शनिवार-रविवार घरी. घरातली रस्त्यालगतची एकुलती खोली सासऱ्यांच्या ताब्यात. सूर्याजींच्या हातून त्या वर्षात दोन चुकाही झाल्या होत्या. भजनी मंडळाच्या सुमनताईंच्या तबल्याच्या पिशवीचे बंद त्यांनी उलटे शिवले, त्यामुळे सुमनताई दोन आठवडे तबला पोटाशी धरून चालत होत्या. आणि एका कुत्र्याचा गळपट्टा असा झाला की त्यातून कुत्रा आणि त्याचं पिल्लू एकदम गेलं असतं. तेव्हा एका रविवारी मुलासमोर बोलणं झालं होतं, आणि सूर्याजी स्वतःच म्हणाले होते, "तिसरी चूक झाली तर खोली गरिमाची. मला कोणी सांगायची गरज नाही."

"बाबा, मी असं बोलले नाही हां," गरिमा म्हणाली होती.

"तू नाही बोललीस. मी बोललो."

तेव्हा हा पट्टा म्हणजे नुसता पट्टा नव्हता.

सोमवारी, नऊ तारखेला, विधानसभेची निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. ग्वाल्हेरात आचारसंहिता लागल्याचं फलकांवरून कळतं तसंच खांद्यांवरूनही कळतं. परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि बंदुकीच्या सवयीचे खांदे महिना-दीड महिना उगाच एका बाजूला कललेले दिसतात. दिग्विजयसिंहांनी बुधवारी रायफल जमा केली आणि पावती आणली. सूर्याजींना काळजी वाटली नाही. बंदूक ठाण्यात गेली तरी तिचं माप खिळ्याला होतं. त्यांनी चामड्याला तेल पाजलं, दगडाखाली ताणून ठेवलं. आठ दिवस ताणलेलं चामडं पुढे वाढत नाही.

अठरा तारखेला सकाळी त्यांनी रापीला धार लावली आणि खिळ्याकडे हात नेला. खिळा होता. दोरा नव्हता.

"अगं, इथला दोरा?"

त्यांच्या पत्नी कुसुमताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "कुठला?"

"मेणाचा. तीन गाठींचा."

मग कुसुमताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. घट रविवारी बसले होते. रोज एक माळ घटावर चढत होती. काल तिसरी माळ ओवताना रीळ संपलं, दुकानं उघडायला वेळ होता, आणि समोर खिळ्यावर चांगला स्वच्छ, मजबूत दोरा लोंबत होता.

"मला वाटलं उरलेला असेल," त्या म्हणाल्या.

देवघरात घटावर तीन माळा लोंबत होत्या. तिसरी, भरगच्च झेंडूची, दिग्विजयसिंहांचा उजवा खांदा होती.

एकदा घटावर चढलेली माळ घट उठेपर्यंत कोणी काढत नाही. घट उठणार दसऱ्याला, पट्टा हवा होता खंडेनवमीला, म्हणजे एक दिवस आधी. आणि बंदूक ठाण्यात.

"देवीला विचारून काढता नाही येणार?" सूर्याजींनी चाचरत विचारलं.

"विचारा ना," कुसुमताई म्हणाल्या. "तुम्हीच विचारा. मी ऐकते."

सूर्याजींनी विचारलं नाही. चामड्यात काम करतात म्हणून नवरात्रात ते देवघराच्या उंबऱ्याबाहेरूनच नमस्कार करत. वडिलांनी घालून घेतलेला नियम होता, तो त्यांनीही पाळला होता. आता त्याच उंबऱ्यावर ते एक डोळा मिटून, हातातली पट्टी लांब धरून उभे राहिले.

"अहो, देवीचं माप घेताय का?"

"माळेचं घेतोय."

"मग बाजूला व्हा. आरतीची वेळ झाली."

गरिमाने मोबाइल आणला. "बाबा, फोटो काढते ना. एक अ‍ॅप है, फोटो से ही नाप निकल आता है." फोटो काढला. अ‍ॅपने थोडा विचार करून माळेची लांबी तीन मीटर चाळीस सेंटिमीटर असल्याचं सांगितलं.

"एवढा पट्टा लावला तर दादासाहेब पुढे आणि बंदूक मागून रिक्षाने," सूर्याजी म्हणाले. गरिमा हसली. तेही हसले, पण अर्धंच.

दुपारी ते दिग्विजयसिंहांना घेऊन ठाण्यात गेले. बंदूक परत नको होती, फक्त दोरा लावून पाहायचा होता. शिपाई भला माणूस होता. त्याने खोलीचं दार थोडं उघडून आत दाखवलं. बंदुका जळणासारख्या रचल्या होत्या.

"दद्दा, ग्यारह सौ रखी हैं," तो म्हणाला. "आपकी सबसे नीचे है. खींचूँगा तो विधानसभा यहीं हो जाएगी. चुनाव बाद आना."

घरी येऊन सूर्याजी दगडाखालच्या चामड्याकडे पाहत बसले. डोळे मिटून आठवू लागले, तर त्यांना दिग्विजयसिंहांचं पोट आठवलं, माप नाही. माप लक्षात ठेवायचं काम त्यांनी आयुष्यभर दोऱ्यावर सोपवलं होतं.

कुसुमताई चहा घेऊन आल्या. कप ठेवला आणि उभ्याच राहिल्या.

"आठ, अकरा, पाच," त्या म्हणाल्या.

"काय?"

"फुलं. ओवताना गाठ मध्ये यायची, फूल पुढे जाईना. म्हणून प्रत्येक गाठीशी थांबून नवं फूल घ्यावं लागलं. पहिल्या गाठीपर्यंत आठ, मग अकरा, मग पाच. तेव्हाच मनात म्हटलं, कसला मेला गाठाळ दोरा हा."

सूर्याजींनी त्यांच्याकडे पाहिलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात इतक्या आदराने त्यांनी क्वचितच पाहिलं असेल.

"तीच फुलं पुन्हा ओवशील?"

"तीच कशी ओवीन, ती देवीच्या गळ्यात आहेत. तशीच आणते."

कुसुमताई गेल्या आणि नेहमीच्या फुलवाल्याकडून पाव किलो झेंडू घेऊन आल्या. साठ रुपये पडले. परवा पंचेचाळीसला मिळाला होता, पण दसरा जवळ येतो तसा झेंडूचा भाव चढतो. त्यांनी एकसारखी फुलं निवडली, तशीच घट्ट ओवली. आठ फुलं झाली की गाठ, अकरा झाली की गाठ, पाच झाली की गाठ. सूर्याजींनी ती माळ चामड्यावर अंथरली आणि रापीने खुणा केल्या. चामड्याला पिवळे डाग पडले, ते पुसून काढले. मग कापलं. टाके सलग आले, रुंद भागाला आतून मऊ कातडं बसलं, पितळी रिबिटं ठोकली. बावीसच्या संध्याकाळी पट्टा तयार झाला. त्यावर गरिमाने बोट फिरवलं.

"सुंदर झालाय, बाबा."

"मग बक्कल लावायचं का?" कुसुमताईंनी विचारलं. "झाकून. आतल्या बाजूला. कोणाला दिसणार?"

"मला दिसेल," सूर्याजी म्हणाले.

खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होते, आणि सूर्याजींच्या घरी रापी, आरी, हातोडी यांनाही त्या दिवशी हळद-कुंकू लागतं. ती उचलायची नसतात. आपली हत्यारं पाटावर मांडून ते दिग्विजयसिंहांकडे गेले. तिथे चौरंगावर तलवार होती, दोन जंबिये होते, आणि मधोमध, जिथे दर वर्षी रायफल असे, तिथे नवा पट्टा गुंडाळून ठेवला होता. पट्ट्याखाली ठाण्याची पावती. पावतीवरही कुंकवाचं बोट उठलं होतं, बरोबर शिक्क्याच्या शेजारी.

"पावती पूजेत?" सूर्याजींनी विचारलं.

"बंदुकीचा नंबर आहे तिच्यावर," दिग्विजयसिंह म्हणाले. "यंदा तीच बंदूक."

दुसऱ्या दिवशी घट उठले. कुसुमताईंनी निर्माल्य वेगळं केलं, फुलं सोडवून दोरा मोकळा केला आणि नवऱ्याच्या हातात दिला. "घ्या. तुमचा खांदा." दोरा नारिंगी झाला होता. गाठी जिथल्या तिथे होत्या. सूर्याजींनी तो खिळ्याला टांगला आणि पाठ फिरवली. त्याच संध्याकाळी दिग्विजयसिंहांकडे जाऊन पट्ट्याला दोरा लावून पाहता आला असता. पण बंदूक येईल तेव्हा सगळं एकदमच पाहू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. दिवाळी गेली, मतदान झालं, निकाल लागले. तो खिळा सूर्याजींच्या बसण्याच्या जागेपासून दोन हातांवर होता, आणि त्या दीड महिन्यात त्यांनी बसण्याची जागा दोनदा बदलली.

दहा डिसेंबरला, रविवारी, दिग्विजयसिंहांचा फोन आला. रायफल घरी आली होती. गरिमाने स्कूटर काढली. सूर्याजी मागे बसले. दोरा खिशात होता.

थंडी चांगली पडली होती. दिग्विजयसिंहांनी जाड लोकरी कोट घातला होता, वर मफलर. सूर्याजींनी पट्टा कड्यांमध्ये ओवला, रिबिटं तपासली. दिग्विजयसिंहांनी रायफल खांद्यावर घेतली आणि अंगणात दोन फेऱ्या मारल्या. बंदूक हलली नाही, घसरली नाही, आवाज झाला नाही.

"वा, सूर्याजीराव. आजोबा असते तर त्यांनी तुम्हाला आजच जिलबी दिली असती."

"आजोबा नाहीत, पण जिलबी आहे," आतून त्यांच्या पत्नी विजयाबाई म्हणाल्या आणि बशी घेऊन आल्या.

सूर्याजी जवळ गेले. पट्टा आणि छाती यांच्यामध्ये त्यांनी मूठ घातली. एक मूठ बसायला हवी, जास्त नाही. एक मूठ बसली. बरोबर बसली. गरिमा त्यांच्याकडे पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते सूर्याजींना ओळखता आलं. तिला वाईट वाटत होतं आणि बरंही वाटत होतं.

खोली राहिली होती. दोरा खिशातच होता. जिलबी समोर होती. सूर्याजींनी एक जिलबी उचलली, अर्धी खाल्ली आणि परत बशीत ठेवली. पाच ऑक्टोबरला दिग्विजयसिंह कुडत्यावर होते.

"दादासाहेब, कोट काढा."

"थंडी आहे हो."

"काढा."

कोट निघाला. खाली स्वेटर होता.

"स्वेटर."

"सूर्याजीराव, पट्टा शिवलाय की लग्नाला मुलगा बघताय?"

स्वेटरही निघाला. दिग्विजयसिंह कुडत्यावर कुडकुडत उभे राहिले. सूर्याजींनी मूठ घातली. मूठ बसली आणि शेजारी दोन बोटंही बसली. त्यांनी खिशातून दोरा काढून पट्ट्याला लावला. तिसरी गाठ पट्ट्याच्या दोन बोटं अलीकडे संपली. दसरा जवळ आल्यावर झेंडूचा फक्त भावच चढत नाही. फूलही मोठं होतं.

"लांब झालाय," ते म्हणाले. "दोन बोटं."

"मी बारीक झालो असेन," दिग्विजयसिंह म्हणाले.

"बारीक?" विजयाबाई म्हणाल्या. "नऊ दिवस साबुदाणा खाऊन?"

परतताना गरिमाने स्कूटर सावकाश चालवली. दाल बाज़ाराच्या कोपऱ्यावर ती म्हणाली, "बाबा, ठंड में तो एकदम सही है ना? दसऱ्याला पण थोडी थंडी असते. मान लो ना."

"बंदूक उन्हाळ्यातही त्यांचीच असते," सूर्याजी म्हणाले. "खोली तुझी. पंधरा दिवसांत रिकामी करतो."

"तुम्ही सांगितलं नसतं तर कळलं नसतं कोणाला."

"पुढे बघून चालव. गाय आहे."

पट्टा दुरुस्त करायचा म्हणजे दोन टाके उसवून दोन बोटं कापायचं, तासाभराचं काम. पण दिग्विजयसिंह पट्टा द्यायला तयार होईनात. खंडेनवमीला पूजा झालेली वस्तू कापायची कशी? हळद-कुंकू लागलेलं, फूल वाहिलेलं. सूर्याजींनाही ते पटलं. तेव्हा त्यांनी बंदुकीवरून, माणसावरून नवं माप घेतलं आणि दुसरा पट्टा पदरच्या चामड्याचा शिवून दिला. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. आता त्या रायफलीला दोन पट्टे आहेत, एक थंडीचा आणि एक उन्हाळ्याचा, आणि दिग्विजयसिंह पाहुण्यांना सांगतात की जुन्या खानदानी बंदुकांना असे दोन असतातच.

एक जानेवारीला पुढच्या खोलीत गरिमाचं पार्लर सुरू झालं. सूर्याजी बाहेर ओट्यावर बसतात. जागा चार फूट बाय तीन. पार्लरमध्ये येणाऱ्या बायका चपला आणि पर्स त्यांच्यासमोर ठेवून आत जातात, आणि बाहेर येतात तेव्हा पर्सचा तुटका बंद शिवून झालेला असतो. पर्सच्या बंदांना सूर्याजी बक्कल लावतात. पर्स कोणाच्याही खांद्यावर जाते, तिचं काय, असं ते म्हणतात. बंदुकीच्या पट्ट्याला अजूनही लावत नाहीत. दोरे टांगायला ओट्यावर नवा खिळा ठोकला आहे, तो कुसुमताईंचा हात पोहोचणार नाही इतका उंच. कधी कधी तो सूर्याजींनाही पोहोचत नाही, मग गरिमाला बाहेर बोलवावं लागतं. ती हातावरची मेंदी सांभाळत येते आणि म्हणते, "कौन सा वाला, बाबा?"

पाव किलो झेंडूचे साठ रुपये सूर्याजींकडून कुसुमताईंना अजून मिळालेले नाहीत.